स्लॅब पडण्याआधी: वरचा मजला चढवताना मीटर, लोड आणि डीबीचा हिशोब

"उद्या सकाळी स्लॅब आहे, पाइप टाकायला माणूस पाठवता का?" असा फोन मला वर्षातून चार-पाच वेळा तरी येतो, आणि बहुतेक वेळा संध्याकाळी सातनंतर. सेंट्रिंग झालेलं असतं, सळई बांधून झालेली असते, मिक्सर सांगून ठेवलेला असतो आणि मग कुणाच्या तरी लक्षात येतं की पंख्यांचे बॉक्स राहिलेत. मी माणूस पाठवतो. काय करणार, स्लॅब थांबत नाही. पण त्या घरात लाइटचा विचार आत्ता कुठे सुरू होतोय, हे त्या एका फोनवरून कळतं.

कराड-साताऱ्याच्या भागात मी बरीच वर्षं वायरिंगची कामं घेतो. खाली दोन-तीन खोल्यांचं जुनं घर, मुलगा नोकरीला लागला किंवा लग्न ठरलं म्हणून वर दोन खोल्या, हे आमच्याकडचं सगळ्यात नेहमीचं काम. जागा, वाळू, सिमेंट, टाइल्स यावर घरात महिनाभर चर्चा होते. मीटर मात्र ओट्यावर आहे तसाच राहणार असं सगळे गृहीत धरतात. हा लेख अशा पहिल्यांदाच बांधकाम काढणाऱ्यांसाठी आहे. प्रत्यक्ष काम लायसन्सवाल्या ठेकेदारानंच करायचं आहे. नियम तसाच आहे आणि लोड वाढवताना त्याच्या सहीचा चाचणी अहवाल लागतोच. पण काय करून घ्यायचं आणि कोणत्या क्रमानं, हे घरमालकाला ठाऊक असलं तर अर्धी कटकट वाचते.

सगळ्यात आधी गच्चीवर जा आणि वर बघा

घराच्या अंगावरून किंवा बाजूनं लाइन गेली आहे का? खालच्या मजल्याला ती कधी नडली नाही, म्हणून तिच्याकडे कुणाचं लक्षच नसतं. मजला चढला की तीच लाइन खिडकीच्या हाताशी येते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांप्रमाणे गल्लीतल्या साध्या लघुदाब लाइनपासून बांधकामाच्या सर्वांत उंच भागाचं अंतर उभ्यात किमान 2.5 मीटर आणि आडव्यात 1.2 मीटर हवं. 11 केव्हीची (म्हणजे 11 हजार व्होल्टची) लाइन असेल तर उभं अंतर 3.7 मीटर आणि आडवं 1.2 मीटर, 33 केव्हीला आडवं अंतर 2 मीटर होतं. ही अंतरं पॅरापेट, पाण्याच्या टाकीचा मनोरा आणि पुढं काढलेला सज्जा धरून मोजायची. लोक भिंतीपासून मोजतात आणि मग अडीच फुटांची गॅलरी बाहेर काढतात.

अंतर कमी भरत असेल तर बांधकामाआधी महावितरणच्या कार्यालयात लेखी कळवायचं. लाइन हलवायचा खर्च बहुधा आपल्यावर येतो आणि त्याला वेळ लागतो, म्हणून हे काम पहिलं. लाइनच्या खाली सळई उभी करताना होणारे अपघात दरवर्षी पेपरात येतात. बारा मीटरची सळई खांद्यावर घेऊन जिन्यात वळणाऱ्या माणसाला वरची तार दिसत नाही.

लाइट बिल काढा आणि दोन ओळी शोधा

लाइट बिल सगळे रकमेसाठी बघतात. तुम्ही 'मंजूर भार', म्हणजे कंपनीनं तुम्हाला किती लोड मंजूर केलाय तो आकडा, आणि 'दर संकेत', म्हणजे कनेक्शनचा प्रकार, या दोन ओळी बघा. जुन्या घराचा मंजूर भार एक, दीड किंवा दोन किलोवॅट असतो, कारण तो कनेक्शन घेताना दिला होता आणि तेव्हा घरात चार ट्यूबलाइट आणि एक टीव्ही होता. त्यानंतर गीझर आला, फ्रिज मोठा झाला, बोअरला मोटर बसली. मंजूर भार तसाच. दर संकेतापुढे सिंगल फेज (घरात येणारी करंटची एक तार) की थ्री फेज (तशा तीन तारा) हेही लिहिलेलं असतं. मग मीटरच्या पाटीवर अँपिअर वाचा. 5-30 लिहिलं असेल तर तो मीटर 30 अँपिअरपर्यंतचा. सिंगल फेजवर 230 व्होल्टनं तो साधारण 6.9 किलोवॅट होतो.

आता कागद घ्या. मी परवाच केलेल्या एका घराचा हिशोब मांडतो, म्हणजे पद्धत कळेल.

खाली: दहा वॉटचे बारा एलईडी, म्हणजे 120 वॉट. पाच पंखे, 75 प्रमाणे 375. फ्रिज 200, टीव्ही 100, मिक्सर 500, इस्त्री 1000, गीझर 2000, वॉशिंग मशिन 500, एक एचपीची मोटर 1000. एचपी म्हणजे 746 वॉट हे खरं, पण ते मोटरनं दिलेलं काम. ओढताना ती हजाराच्या आसपास ओढते. बेरीज 5795.

वर: दहा एलईडी 100, चार पंखे 300, दीड टनाचे दोन एसी मिळून 3200, गीझर 2000, छोटा फ्रिज 200, इंडक्शन शेगडी 2000, इलेक्ट्रिक स्कूटरचा चार्जर 800. बेरीज 8600.

एकूण 14,395, म्हणजे जवळजवळ साडेचौदा किलोवॅट. हा आकडा ऐकून घरमालकाचा चेहरा पडतो. घाबरायचं नाही, कारण सगळं एकदम कधीच चालत नाही. खरा प्रश्न असा की दिवसातली सर्वांत जड वेळ कोणती? आपल्याकडे ती सकाळी साडेसहा ते आठ. दोन्ही गीझर चालू, टाकी भरायला मोटर, कुणाची इस्त्री, वर इंडक्शनवर चहा, शिवाय पंखे-फ्रिज-दिवे. 4000, 1000, 1000, 2000 आणि किरकोळ 800 धरले तर 8800 वॉट. रात्रीचे दोन एसी आपल्याला मोठे वाटतात, पण पंखे, फ्रिज, चार्जर, टीव्ही धरूनही रात्रीचा आकडा पाच-साडेपाच हजारांवर जात नाही. एसीनं लोड वाढतो म्हणून सगळे ओरडतात. घर दमतं ते गीझरांनी.

8800 भागिले 230 म्हणजे 38 अँपिअर. महाराष्ट्रात सिंगल फेजचा पुरवठा 40 अँपिअरपर्यंत धरतात. म्हणजे आपण काठावर आहोत. एखादा पाहुणा आला, वॉशिंग मशिन लागलं की वर गेलो. इथं थ्री फेज घ्यायचा.

सिंगल की थ्री

हे प्रत्येकाला लागतं असं नाही. वर एकच खोली, एक एसी, गीझर सोलरचा, असं असेल तर सिंगल फेजवर मंजूर भार पाच-सहा किलोवॅट करून घेतला की भागतं. थ्री फेजचा स्थिर आकार सिंगल फेजपेक्षा बराच जास्त असतो आणि वापर झाला नाही तरी तो दरमहा बिलात येतो. ठेकेदार "थ्री फेज करून टाका, टेन्शन नको" म्हणतो तेव्हा त्याची डीबी (सर्किटं फुटतात तो डबा) मोठी विकली जात असते, हेही लक्षात असू द्या. मी ठेकेदार असून सांगतोय.

पण हिशोबाचा आकडा सात किलोवॅटच्या पुढे जात असेल, किंवा घरात दोन एचपीच्या वर मोटर, तीन एसी, इलेक्ट्रिक गाडी यातलं काही येणार असेल, तर आत्ताच थ्री फेज घ्या. गाडीचा घरगुती चार्जर 3.3 किलोवॅटचा असतो, मोठा घेतला तर सात किलोवॅटच्या वर जातो. तो एकटाच सिंगल फेज खाऊन टाकेल.

मंजूर भार किती मागायचा? वरच्या घराला आम्ही 10 किलोवॅट मागितला. साडेचौदा मागायची गरज नव्हती. महावितरणच्या दरपत्रकात थ्री फेज घरगुती ग्राहकाला 10 किलोवॅटच्या वर जादा स्थिर आकार लागत आलाय, हेही त्यामागचं एक कारण. शिवाय मंजूर भारावर सुरक्षा ठेव आणि जोडणीचा खर्च ठरतो. उगाच फुगवून काही मिळत नाही. कमी सांगूनही फायदा नाही, कारण नवे मीटर महिन्यातली सर्वांत जड मागणी नोंदवून ठेवतात.

छतावर सोलर घ्यायचं मनात असेल तर ते याच बैठकीत बोला. पीएम सूर्यघर योजनेत 1 किलोवॅटला 30 हजार, 2 किलोवॅटला 60 हजार आणि 3 किंवा त्याहून जास्त किलोवॅटला 78 हजार रुपये अनुदान आहे. आमच्या गल्लीत एकानं आधी सोलर बसवलं आणि दोन वर्षांनी मजला चढवला. सगळा सांगाडा उतरवून परत चढवायला लागला, आणि बांधकामाचे आठ महिने पॅनल शेजाऱ्याच्या गोठ्यात ताडपत्रीखाली.

दुसरा मीटर घ्यावा का, हेही लोक विचारतात. वर भाडेकरू ठेवायचा असेल किंवा भाऊ वेगळा राहणार असेल, वेगळा जिना आणि वेगळं स्वयंपाकघर असेल, तर वेगळं कनेक्शन रीतसर मागा. पुढची भांडणं टळतात. फक्त युनिटचे टप्पे वाचवायला एकाच कुटुंबात दोन मीटर मागाल तर मिळणं कठीण. आणि खाली दुकान काढणार असाल तर त्याला व्यापारी कनेक्शन वेगळंच हवं. घरगुती मीटरवर दुकान चालवलं तर विद्युत कायदा 2003 च्या कलम 126 खाली दुप्पट दरानं आकारणी होते.

अर्ज कधी करायचा

स्लॅबच्या आधी. महावितरणचं संकेतस्थळ किंवा मोबाइल ॲपवर बारा अंकी ग्राहक क्रमांक टाकून भारवाढीचा अर्ज करता येतो, उपविभागीय कार्यालयात जाऊनही करता येतो. ओळखपत्र, घराच्या मालकीचा कागद आणि ठेकेदाराचा चाचणी अहवाल एवढं साधारण लागतं. कनेक्शन अजून आजोबांच्या नावावर असेल तर आधी नाव बदलून घ्या. आमच्या भागातल्या निम्म्या घरांत ही अडचण निघते आणि वारसांच्या सह्या गोळा करता करता पावसाळा येतो. अर्ज झाला की माणूस जागा बघून जातो, कोटेशन येतं, ते भरलं की मीटर बदलतात. मुंबईत हेच काम बेस्ट, अदानी किंवा टाटा पॉवर यांपैकी जी कंपनी असेल तिच्याकडे, आणि गोव्यात सरकारच्या वीज खात्याकडे.

एक प्रश्न लाइनमनला आवर्जून विचारा: आपल्या पोलवर तिन्ही फेज आहेत का? वाडी-वस्तीवर कधीकधी गल्लीच्या टोकाला एकच फेज ओढलेला असतो. तसं असेल तर सगळं गणित बदलतं आणि ते स्लॅबआधी कळलेलं बरं.

मीटरच्या आधीची वायर, कटआउट आणि सील कंपनीचं. तिथं तुम्ही किंवा तुमच्या वायरमननं हात लावायचा नाही. मीटरच्या पुढचं सगळं तुमचं.

डीबी कुठे आणि केवढी

डीबी म्हणजे जिथून घरातली सगळी सर्किटं फुटतात तो डबा. जुन्या घरात त्या जागी लाकडी बोर्डावर चिनीमातीची किटकॅट, म्हणजे जुन्या पद्धतीचे फ्यूज, असतात, दोन किंवा चार, आणि त्यातल्या एकीत फ्यूज वायरऐवजी घरातल्या कुणीतरी तांब्याची जाड तार पिळून घातलेली असते. ती तार दिसली की मी घरमालकाला बोलावून दाखवतो. लोड वाढवायचा आणि हा बोर्ड तसाच ठेवून वर फक्त एक वायर न्यायची, हा मोह टाळा. वरच्या मजल्याच्या निमित्तानं खालचं डोकंही बदला.

थ्री फेजच्या घराला माझी पसंती अशी: मीटरशेजारी चार पोलचा मुख्य एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच), तिथून खालच्या मजल्याला एक डीबी आणि वरच्या मजल्याला दुसरी. एकाच डीबीतून दोन्ही मजले करता येतात, पण वर काही पडलं की प्रत्येक वेळी जिना उतरून यायचं, आणि रात्री अंधारात म्हातारी माणसं ते करणार नाहीत. दोन डीबींचा खर्च थोडा जास्त, वायरचा थोडा कमी.

जागा निवडताना बाथरूमची भिंत नको, मोरीच्या मागची नको, गॅसच्या सिलिंडरजवळ नको. जिन्याखाली ओल येत असेल तर तीही नको. उंची उभ्या माणसाच्या छाती-डोळ्यांच्या दरम्यान. पुढे कपाट येता कामा नये. डीबीच्या दारावर कालनिर्णय टांगायची फार जुनी खोड आहे आपल्याला. खिळा ठोकायला तीच जागा का सापडते देव जाणे.

आणि आकार घेताना आज लागतात त्यापेक्षा एमसीबीची तीन-चार घरं रिकामी राहतील एवढी घ्या. चार वेची थ्री फेज डीबी म्हणजे प्रत्येक फेजला चार, असे बारा एमसीबी बसतात. आमच्या उदाहरणात खाली चार वे, वर चार वे लागली आणि दोन्हीकडे जागा उरली.

तीन फेज वाटायचे कसे

इथं घाई करू नका. फेज वाटताना वॉटची बेरीज सारखी करून चालत नाही, वेळ बघायची. सकाळी एकदम लागणाऱ्या वस्तू वेगवेगळ्या फेजवर गेल्या पाहिजेत. त्या घरात आम्ही लाल फेजवर खालचे दिवे-पंखे, खालचा गीझर, इस्त्रीचा पॉइंट आणि एक एसी दिला. पिवळ्यावर वरचे दिवे-पंखे, वरचा गीझर, दुसरा एसी. निळ्यावर मोटर, इंडक्शन, वॉशिंग मशिन आणि स्कूटर. सकाळच्या जड वेळी लालवर 3400 वॉट, पिवळ्यावर 2400, निळ्यावर 3000. जो भार एका फेजवर 38 अँपिअर होता तो आता पंधराच्या आत आला. रात्री लाल आणि पिवळ्यावर एकेक एसी, निळ्यावर चार्जर. बरं जमलं.

एका खोलीतले सगळे सॉकेट शक्यतो एकाच फेजवर ठेवा. दोन वेगळ्या फेजमध्ये 400 व्होल्टचं अंतर असतं आणि एकाच बोर्डवर दोन्ही आले तर दुरुस्ती करणाऱ्याचा जीव धोक्यात येतो.

आता थ्री फेजचा खरा वैरी: सुटलेला न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी सामाईक तार. एका बंगल्यात दुसऱ्या कुणाचं काम झाल्यावर चौथ्या दिवशी मला बोलावलं. वरच्या खोलीतला दिवा नको इतका पांढराफेक लखलखत होता आणि खालचा तेवढाच मिणमिणत. मी दारातूनच ओरडून मेन पाडायला लावला, पण तोवर टीव्ही आणि फ्रिज गेले होते. डीबीचं झाकण काढलं तर मुख्य न्यूट्रलचा स्क्रू बोटानं फिरला. काम करणाऱ्यानं तो टेकवला होता, आवळला नव्हता. न्यूट्रल सुटला की दोन फेजवरच्या वस्तू एकमेकींतून माळ लावल्यासारख्या जोडल्या जातात. ज्या फेजवर लोड कमी, त्याच्यावर व्होल्टेज चढतं, आणि 230 ची वस्तू तीनशेच्या वर गेली की जळते. म्हणून मुख्य न्यूट्रल पूर्ण जाडीचा घ्या, त्याच्यावर वेगळा फ्यूज किंवा वेगळा स्विच कधीही नको, आणि मेनच्या पुढे व्होल्टेज चढलं-उतरलं की लाइन तोडणारं उपकरण बसवा. ठेकेदाराला न्यूट्रलचे स्क्रू तुमच्यासमोर आवळायला लावा. त्याला राग येईल. येऊ दे.

वायर आणि एमसीबी

एमसीबी कुणासाठी असतो? बहुतेक जण म्हणतात एसीसाठी, गीझरसाठी. तो असतो भिंतीतल्या वायरसाठी. वायर जेवढा करंट सोसते त्याच्या आत एमसीबी पडला पाहिजे, मग पुढे काहीही लावा.

दिव्या-पंख्यांना दीडची (म्हणजे दीड चौरस मिलिमीटरची) वायर आणि 6 किंवा 10 अँपिअरचा एमसीबी. साध्या सॉकेटना अडीचची आणि 16. गीझर, एसी, इंडक्शन यांना प्रत्येकाला वेगळी लाइन, चारची वायर आणि 20. मीटरपासून वरच्या डीबीला या घरात थ्री फेजसाठी आम्ही सहाची ओढली आणि मुख्य एमसीबी 32 चा. सिंगल फेजवर भागवणार असाल तर तिथं दहाची ओढा. वायरवर आयएसआय आणि आयएस 694 छापलेलं असतं, ते भेंडोळं उघडताना स्वतः वाचा. रंग पाळायला लावा: फेज लाल, पिवळा, निळा, न्यूट्रल काळा, अर्थ हिरवा. "हिरवी संपली म्हणून लाल वापरली" हे वाक्य ऐकलं तर काम तिथंच थांबवा.

दिव्यांच्या एका सर्किटवर दहापेक्षा जास्त पॉइंट किंवा 800 वॉटपेक्षा जास्त लोड नको, असा जुना दंडक आहे आणि तो आजही चांगला आहे. मोटर, एसी सुरू होताना क्षणभर जास्त ओढतात, म्हणून त्यांना 'सी' जातीचा एमसीबी. 'बी' जातीचा लावला तर विनाकारण पडत राहतो. आणि पडतो म्हणून 16 काढून 32 घालणारा वायरमन भेटला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. अडीचच्या वायरवर 32 चा एमसीबी म्हणजे वायर जळेपर्यंत तो पडणारच नाही.

आरसीसीबी: पावसाळ्यात पडतो तो

एमसीबी माणसाला वाचवत नाही. शॉक लागून मरायला जेवढा करंट पुरतो तेवढ्यानं 16 चा एमसीबी हलतसुद्धा नाही. त्यासाठी करंट गळला की लाइन तोडणारा आरसीसीबी, जुने लोक त्याला ईएलसीबीच म्हणतात. घरासाठी 30 मिलिअँपिअरचा घ्यायचा. 2 किलोवॅटच्या वरच्या कनेक्शनला गळतीवर तुटणारं असं संरक्षण सुरक्षा नियमांतच सांगितलंय. 100 आणि 300 मिलिअँपिअरचेही दुकानात मिळतात, दिसायला तसेच, पण ते माणसासाठी नव्हेत. आकडा वाचून घ्या.

सगळ्या घराला एकच आरसीसीबी लावू नका. जूनच्या पहिल्या वळवात गेटवरच्या दिव्यात पाणी जातं, आरसीसीबी पडतो आणि सगळं घर अंधारात. मग रात्री अकरा वाजता घरातलं कुणीतरी दोन वायरी जोडून त्याला वगळून टाकतं, आणि तो वगळलेला आरसीसीबी पुढची दहा वर्षं तसाच राहतो. किमान मजल्यागणिक एक घ्या. बाहेरचे दिवे, बेल आणि मोटर यांना वेगळा मिळाला तर उत्तम.

जुन्या घराला नव्या डीबीवर घेतलं की पहिल्याच दिवशी आरसीसीबी टिकत नाही, हा अनुभव ठरलेला. बहुतेक वेळा कारण एकच: जुन्या वायरमननं वायर वाचवायला एका सर्किटचा न्यूट्रल दुसऱ्या सर्किटकडून उसना घेतलेला असतो. जिन्याचा दिवा हे त्याचं हमखास ठिकाण, फेज खालून आणि न्यूट्रल वरून. प्रत्येक आरसीसीबीची न्यूट्रलची पट्टी वेगळी हवी आणि त्याच्या सर्किटांचे न्यूट्रल त्याच पट्टीवर आले पाहिजेत. हे शोधायला एक पूर्ण दिवस जातो. ठेकेदाराशी तो दिवस आधीच बोलून ठेवा. इन्व्हर्टर असेल तर त्याच्या लाइनचं हेच दुखणं असतं. इन्व्हर्टरवर जाणारे पॉइंट कोणते ते स्लॅबआधीच्या कागदावर लिहा.

अर्थिंग

जुन्या घराचं अर्थिंग कुठे आहे विचारलं तर नळाच्या पाइपाकडे बोट दाखवतात. आता नळ प्लॅस्टिकचे झाले, तो प्रश्नच मिटला. नवा खड्डा घ्या. पारंपरिक पद्धतीत सुमारे अडीच-तीन मीटरचा जीआय पाइप, भोवती कोळसा आणि मीठ, वर पाणी घालायला तोंड. काळ्या मातीत हे झकास चालतं. आमच्याकडे चार फुटांवर कातळ लागतो आणि कोकणात जांभा. तिथं खड्डा मारून भागत नाही. बोअर मारून किंवा दोन-तीन इलेक्ट्रोड अंतरावर ठेवून जोडायला लागतात. दिवा लावून "बघा, पेटला, अर्थिंग ओके" असं दाखवणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. अर्थ टेस्टरनं ओहममध्ये मोजून घ्या. पाचच्या आत आला तर समाधानी राहा. मोजायचं मे महिन्यात, माती कोरडी असताना. जुलैत कुठलंही अर्थिंग छान येतं.

स्लॅबच्या आदल्या दिवशी

आता कुठे तो फोन. कागद तयार असेल तर पाइप टाकणं हे अर्ध्या दिवसाचं काम. मुख्य लाइन जाडसर पाइपमधून, पाइप 40 टक्क्यांपेक्षा जास्त भरायचा नाही, नाहीतर पुढे वायर बदलता येत नाही. नेमके दोन पाइप रिकामे टाकून ठेवा, आत ओढतार घालून: एक मीटरपासून थेट गच्चीवर, सोलरसाठी, दुसरा मीटरपासून गाडी उभी राहते तिथपर्यंत. त्या दिवशी पाइपच्या दर मीटर लांबीला शंभर-दोनशे रुपये लागतील न लागतील. नंतर टाइल्स फोडायला किती लागतात ते शेजाऱ्याला विचारा.

आणि काँक्रीट पडण्याआधी प्रत्येक खोलीच्या छताचे फोटो काढा, भिंतीचा कोपरा दिसेल असे. पुढे पंख्याचा हूक किंवा फॉल्स सीलिंगचा खिळा ठोकताना ते फोटो उपयोगी पडतात. मी हे गेली काही वर्षं सगळ्यांना सांगतो. निम्मे काढतात, आणि त्यातले निम्मे फोन बदलताना घालवतात.

बदलाचा दिवस

मीटर बदलायला माणसं येणार त्या दिवशी घरात सहा-सात तास लाइट नसेल असं धरून चाला. टाकी आदल्या रात्री भरा, फ्रिज शक्य तितका रिकामा करा. लाइन देण्याआधी ठेकेदाराकडून तीन गोष्टी करून घ्या. 500 व्होल्टच्या मेगरनं इन्सुलेशन मोजायचं, किमान 1 मेगाओहम आला पाहिजे. प्रत्येक सॉकेटला अर्थ पोचलाय का ते बघायचं. सॉकेटमध्ये फेज उजवीकडे आलाय का तेही. लाइन आली की एकही वस्तू न लावता तिन्ही फेजचं न्यूट्रलशी व्होल्टेज मोजायचं, 230 च्या आसपास हवं. मग प्रत्येक आरसीसीबीवरचं 'टी' बटण दाबायचं. दाबल्यावर पडला नाही तर तो बदलून घ्या, त्याच दिवशी. पुढे दर तीन महिन्यांनी ते बटण तुम्हीच दाबा.

मोटर तीन फेजची असेल तर ती उलटी फिरत नाही ना, ते बघा. पाणी कमी येतंय म्हणून लोक मोटर खोलतात आणि दोष दोन वायरींच्या अदलाबदलीचा असतो.

मग डीबीच्या दाराच्या आतल्या बाजूला यादी चिकटवा: कुठला एमसीबी कशाचा, कुठल्या फेजवर. नुसतं 'पॉवर 1, पॉवर 2' नको. 'वरचं स्वयंपाकघर, इंडक्शन' असं, आजीला चष्म्याशिवाय वाचता येईल एवढं मोठं.

पुढचं लाइट बिल आलं की परत त्या दोन ओळी बघा. मंजूर भार नवा आलाय का, दर संकेतापुढे थ्री फेज झालंय का, आणि मीटरचा क्रमांक भिंतीवरच्या मीटरशी जुळतो का. जुन्या मीटरचं शेवटचं रीडिंग तो काढायच्या आधी तुम्ही मोबाइलवर टिपून ठेवलेलं असलं, तर बिलात तफावत निघाल्यावर तोच एक फोटो घेऊन कार्यालयात जायचं.